कड्या दोन सोडून

हिरामण, तुझा फोन आला तेव्हा
मी कूलरमध्ये पाणी भरत होते.
अमळनेरचं घर काढलंय म्हणालास.
म्हणालास, सांगण्यासारखं असेल तर सांग,
तुम्ही भुसावळचं विकलं ना.

विकलं. अकरा महिने लागले.
पहिले पाच तर भावातच गेले.
समोरच्या झोपेंना किती आले ते झोपेबाईंनी सांगितलं,
आम्ही त्यावर चार लाख चढवले.
झोपेबाई पोरीचं वयसुद्धा आपल्या सोयीनं सांगतात
हे तेव्हा कुणाला आठवलं नाही.
'विकणे आहे'ची पाटी उन्हानं पांढरी पडली,
मग लोक विचारायला लागले,
त्या घरात आहे तरी काय?
केळीचा घड कापला की
गाडी भरायच्या दिवशीच त्याला भाव,
घराचंही तसंच.

ओल झाकायला रंग देऊ नको.
आम्ही दिला, मोरीमागच्या भिंतीला, फिकट गुलाबी.
सावद्याचे भंगाळे आले,
खिशातून नाणं काढून टकटक केलं,
एक पोपडा त्यांच्या चपलेवर पडला.
बोलले काहीच नाहीत.
फक्त मग चांगल्या भिंतीही वाजवत गेले,
एकेक, शेवटपर्यंत.

गिऱ्हाईक आलं की तू बाहेर जा.
पितांबर दलाल मला हे तीनदा म्हणाला.
मी थांबले. चहा टाकला.
ही खोली बाळंतपणाची, इथं सासरे गेले,
ह्या खिडकीतून मे महिन्यात भट्टी आत येते,
सगळं सांगून बसले.
बाई उठली, चहा अर्धा.
खोटं बोलू नये, खरंय,
पण विचारल्याशिवाय
मयताची खोली दाखवू नये.

रोख बयाणा घेऊन किल्ली देऊ नको.
'फक्त सामान ठेवतो' म्हणतात.
सामानामागून माणसं येतात,
माणसांमागून तुळस.
आणि लावलेली तुळस उपटायला कोण जाईल?

मीटर अजून आबांच्या नावावर असेल,
ते आधी बदल.
आमच्या सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती,
दर महिन्याला त्यांची आठवण
फक्त वीजबिल काढायचं.

काय काय घरासोबत जाणार ते लिही.
पंखे, टाकी, मोटर, कूलरचा स्टँड.
आम्ही 'बसवलेल्या सर्व वस्तूंसह' एवढंच लिहिलं
आणि तिथंच अडकलो.

कारण द्वारकाअक्काची सही राहिली होती.
उधन्याला असते ती, सुरतेत.
सगळं ठरल्यावर, इसार घेतल्यावर,
तारीखसुद्धा पक्की झाल्यावर
ह्यांनी तिला फोन केला: एक सही हवी.
आखाजीला आली.
पुढच्या खोलीत उभी राहिली, वर बघत.
वाटलं, हिस्सा मागेल.
हिशेब आम्ही तोंडपाठ ठेवला होता,
नळाचा, गच्चीचा, सासऱ्यांच्या दवाखान्याचा.
तिनं मागितल्या झोक्याच्या कड्या.
स्लॅबमधल्या. दोन.

भंगाळे म्हणाले, माझ्या पोरीनं बघितल्यात त्या.
पितांबर म्हणाला, तीस वर्षांत असा वांधा पाहिला नाही.
शेवटी मसुद्यात हातानं ओळ वाढवली:
कड्या दोन सोडून.
पान्यानं निघेनात. छिन्नी आणली.
वीतभर कपचा उडाला छताचा,
त्याचे सहा हजार भंगाळेंनी कापून घेतले.
अक्कानं सही केली,
कड्या पिशवीत घातल्या,
सुरत पॅसेंजरनं गेली.
तिच्या फ्लॅटात कड्या लावायला जागा नाही,
वर फॉल्स सीलिंग आहे.

तर हे असं.
तू बराच वेळ बोललास फोनवर,
भाव, दलाल, स्टॅम्प ड्युटी.
आणि ठेवता ठेवता म्हणालास,
ताई, तुझी पण एक सही लागेल.

येते आखाजीला.
त्या दिवशी गिऱ्हाईक बोलावू नको.
पेन मी माझं आणेन.